डाव्या बाजूची गिटार

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा अल्बम ऐकला. आठही गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. दोनदा का, ते पुढं सांगतो. फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "चांगला झालाय" एवढंच म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला, ते तुला लागलं असणार. पण फोनवर मला निम्मंच कळतं आणि सारखं "काय? काय म्हणालास?" करायला नको वाटतं. म्हणून लिहायला बसलो.

कानांबद्दल या पत्रात एक शब्द लिहायचा नाही, असं ठरवलंय. गेल्या शोनंतर तुझ्या डाव्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती हे आईनं काल सांगितलं. बाबांना बोलू नकोस असं तू बजावलं होतंस, तेही सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. परवा तू दौऱ्यावर निघशील, बावीस दिवसांत चौदा शो. जाताना तुझ्या डोक्यात माझी कटकट नको, तुझी गाणी असू देत.

तर गाणी. कव्हरच्या आत बारीक अक्षरात छापलंय की सगळं संगीत तुझं आहे. चष्मा लावून मी ती ओळ किती वेळा वाचली ते आईला विचार. आपलं आडनाव छापलेलं मी आजवर पगाराच्या स्लिपवर नाहीतर लग्नपत्रिकेवर पाहिलेलं. सहा वर्षं तू दुसऱ्यांच्या बँडमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवलीस. त्यांनी तुला काढलं त्या रात्री तू जिन्यात बसून होतास, गिटार केसमधून बाहेरसुद्धा काढली नव्हतीस. मी वरून बघितलं आणि दार लोटून घेतलं. काय बोलावं ते सुचलं नाही. नंतर ताईनं मला डेव्ह मस्टेन या गिटारवाल्याची गोष्ट सांगितली. १९८३ साली मेटॅलिका बँडनं त्याला काढून टाकलं, त्यानं मेगाडेथ हा स्वतःचा बँड उभा केला आणि १९८५ मध्ये पहिला अल्बम काढलासुद्धा. ती म्हणाली, "बाबा, हे त्याला सांगा." मी नाही सांगितलं. हे सगळं तुला माझ्या आधीपासून पाठ असणार, मी सांगून काय होणार होतं. आता वाटतं, माहीत असलेलंच सांगायला तरी जिन्यात येऊन बसायला हवं होतं.

तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा माझा हात टेबलावर होता. तुझी रिफ, ती परत परत येणारी गिटारची ओळ, चारदा सरळ आली, पाचव्या वेळी ठोका जरा आधीच पडला आणि माझा हात टेबलावरून आपोआप मागं आला. आमच्या कारखान्यातल्या प्रेसचा क्लच दगा देतो ना, पेडल दाबलेलं नसताना दुसरा स्ट्रोक येतो, अगदी तसा. लहानपणी शॉपच्या फाटकापाशी उभा राहून तू स्ट्रोक मोजायचास. ते मनात ठेवून केलंस, की हातातून आलं? लिही मला. एकतीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला तू घरातल्या खुर्चीवर दचकवलंस, यापेक्षा मोठी दाद मला देता येणार नाही.

ताईनं आणखी एक गोष्ट समजावली. तू एकच रिफ दोनदा वाजवून ठेवतोस, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. यंत्रानं नक्कल काढलेली नाही, खरोखर परत वाजवलेली, म्हणूनच आवाज एवढा रुंद होतो म्हणे. मी चकित झालो. प्रेसच्या एकाच डायमधून, म्हणजे साच्यातून, हजार तुकडे काढले तरी मायक्रोमीटर लावला की फरक दिसतो. तू हातानं दोनदा वाजवतोस आणि दोन्ही एकमेकांवर बसतात. हे काम आहे, बाळा. मी याला गोंगाट म्हणालो होतो.

ते भांडण मी विसरलेलो नाही. "हा आवाज ऐकायचे मला पगार मिळतो, तू पदरचे पैसे घालून काय ऐकतोस," असं मी म्हणालो. त्यावर तू म्हणालास, "तुम्हाला ऐकू तरी कुठं येतं!" आई रडली. मी बाहेर निघून गेलो. तुझ्यावरचा राग दोन दिवसांत गेला, कारण तू बोललास ते खरंच होतं.

आता लिहितोच. ठरवलेलं मोडतंय, पण लिहितो.

पहिला शो करून आलास तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. रात्री माझ्या उशापाशी येऊन म्हणालास, "बाबा, कानात शीं वाजतंय." मी अर्धवट झोपेत म्हणालो, "होतं तसं. सकाळपर्यंत जातं. माझंही जातं." तू जाऊन झोपलास, सकाळी खरंच गेलं होतं, आणि तो विषय संपला. माझंही जायचंच. रोज शिफ्ट सुटली की वाजायचं, रात्री उतरायचं, सोमवारी परत. मग कधीतरी ते उतरेनासं झालं, आणि नेमकं कुठल्या दिवशी ते मला सांगता येणार नाही. शिट्टी थांबते म्हणून आपण समजतो की कान बरा झाला. ती दरवेळी थोडं काहीतरी घेऊन जाते. एवढं एक वाक्य मला त्या रात्री माहीत असतं तर उठून बसलो असतो.

तुझ्याच भिंतीवरच्या पोस्टरवरचा तो टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात होता, वय १७, कामाचा शेवटचा दिवस. दुपारी घरी आला तो परत जायचं नाही म्हणत होता. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. गेला, आणि प्रेसनं उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. पुढचं तूच मला सांगितलंयस. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, पुढं तारा सैल करून सूर खाली उतरवला. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम एका दिवसात वाजवून झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला बाहेर आला. तू हे सांगायचास तेव्हा तुझे डोळे चमकायचे. मी मात्र प्रेसवाला माणूस, मला ती बोटं दिसायची, आणि त्याची आई. "दिवस पुरा करून ये" असं साधंच तर म्हणाली होती ती. मीही साधंच म्हणालो होतो, "सकाळपर्यंत जातं."

बोटाला टोपी करता येते. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण १५,०००. त्या मेल्या की परत येत नाहीत. डॉक्टरांनी माझ्या तपासणीचा कागद दाखवला, तो मी ट्रंकेत ठेवलाय. रेघ डावीकडून बरी चालत येते आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. मोठ्या आवाजात काम केलेल्याची रेघ अशीच पडते म्हणाले. वयानं ती विहीर आणखी रुंद झाली. आता ताई "साठ" म्हणते की "आठ" ते मला तिच्या ओठांवरून ओळखावं लागतं.

तुझ्या प्रॅक्टिसच्या खोलीत ताईनं फोनवर मोजलं होतं, आठवतं? १०३ डेसिबल. कामगारांच्या आरोग्याचं काम बघणारी अमेरिकेतली नायॉश ही संस्था सांगते की ८५ डेसिबलला आठ तास चालतील, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. मी कागदावर मांडून बघितलं. १०० ला पंधरा मिनिटं, १०३ ला साडेसात. तुमची प्रॅक्टिस तीन तास चालते. एसी/डीसी बँडचा ब्रायन जॉन्सन, एवढा मोठा गायक, त्याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की दौरा आत्ता थांबव, नाहीतर पूर्ण बहिरा होशील. काही वर्षांनी तो परत गायला उभा राहिला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

कानात फोमचे प्लग घातले की सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं लागतं, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. ते वरचे सूर जास्त खातात. पण आपल्या कानाचा साचा घेऊन केलेले, आत फिल्टर बसवलेले प्लग मिळतात. ते सगळे सूर जवळपास सारखेच कमी करतात, ९, १५ किंवा २५ डेसिबल, जसा फिल्टर तसं. वाजवणाऱ्यांसाठीच बनवतात. गिटार गिटारसारखीच ऐकू येते, फक्त लांबून. साचा घ्यायला काही मिनिटं लागतात, प्लग हातात यायला मात्र दिवस जातात. म्हणजे या दौऱ्यापर्यंत होणार नाहीत, मला कळतं. तोवर फोमचेच घाल. ड्रमरच्या क्रॅश सिंबलला, त्या मोठ्या झांजेला, डावा कान देऊन उभा राहतोस तू, व्हिडिओत बघितलं मी. चार पावलं पुढं सरक. दोन गाण्यांच्या मधे...

बघ, लागलोच. माफ कर. तू अठ्ठावीस वर्षांचा आहेस, स्वतःचा बँड चालवतोस, पाच माणसं तुझ्या शब्दावर गाडीत बसतात. आणि हे सांगायचा मला काय अधिकार? कंपनीनं दिलेले प्लग माझ्या कप्प्यात पाकीट न फोडता पडलेले असायचे. तपासणीला कोणी यायचं असलं की घालायचे, गेले की काढायचे. प्रेसचा आवाज बदलला की बिघाड कळतो, प्लग घातला तर तो कळणार नाही, असं मी नव्या पोरांना सांगायचो. त्यातला एकजण परवा भेटला. त्याच्या कानामागंही आता यंत्र आहे.

पाचव्या गाण्याबद्दल लिहायचं राहिलं. सोलोच्या शेवटी तू एक सूर ओढत वर नेतोस. तिथं एक बारीक किंकाळीसारखा सूर निघतो, पिंच हार्मोनिक म्हणतात, असं ताईनं सांगितलं. ती माझ्यासमोर बसून बोट वर करून "आता... आता" करत होती. मला ड्रम ऐकू आले, गिटारचा खालचा आवाज आला. तो सूर आला आणि गेला हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिच्या अंगावर काटा आला होता. तू तो सूर चांगला लावला असणार.

दोनदा ऐकलं त्याचं कारण हे, की माझा डावा कान उजव्यापेक्षा पुष्कळ गेलाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उजव्या बाजूची गिटार नीट आली आणि डावी भिंतीपलीकडं राहिली. मग हेडफोन काढून उलटे घातले, डावं उजवीकडं, आणि पुन्हा पहिल्या गाण्यापासून लावलं. तेव्हा तुझी दुसरी गिटार आली. सहाव्या गाण्यात ती पहिलीपेक्षा थोडी वेगळी चालते, मधे दोन सूर वर चढून परत येते. ते पहिल्या खेपेला मला कळलंच नव्हतं. आता ते गाणं मी नेहमी उलट्या हेडफोननंच ऐकतो. आई म्हणते, वेड लागलंय.

सोबत गिटारच्या तारा छेडायची पिकं पाठवतोय, वीस आहेत. तुझं जांभळं पिक इथं राहिलं होतं, ते मोजलं, १.१४ मिलिमीटर भरलं. त्याच जाडीचा प्लास्टिकचा पत्रा मिळाला. हातप्रेसवर जुना पंच लावून काढली आणि कडा कानसीनं मारून पॉलिश पेपर फिरवलाय. तू आठवीत असताना करून द्यायचो त्यापेक्षा ही बरी झालीत, तेव्हाची तारेत अडकायची. टोक जास्त गोल वाटलं तर कळव, पंच घासून देईन.

गाडी रात्रीची चालवू नका. ड्रमरला आणि बाकीच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. त्या बासवाल्या मुलाच्या आईचं ऑपरेशन झालं का तेही कळव.

तुझा,
बाबा

ता. क. शिट्टी आता पूर्ण थांबली आहे का? दोन दिवस म्हणजे नेमके किती तास, आणि दोन्ही कानांत की फक्त डाव्या? मला लिही, आईला सांगू नकोस. पिकांच्या पाकिटात खाली फोमच्या प्लगच्या चौदा जोड्या आहेत, एका शोला एक.