सौर वादळ, रोव्हर आणि बांधाची हद्द

महोदय,

सूर्यावर स्फोट झाल्याची बातमी आली की आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन संदेश हमखास फिरतात. एक, रात्री मोबाईल उशाशी ठेवू नका. दुसरा, सौर पंपाचे पॅनल जळतील. दोन्हींत तथ्य नाही. हातातल्या मोबाईलला किंवा शेतातल्या पॅनलला अशा सौर वादळाचा झटका बसत नाही, पॅनलवर पडणारं ऊनही त्यामुळे बदलत नाही. खान्देशात खरा परिणाम होतो तो उपग्रहांवर विसंबून चालणाऱ्या अचूक कामांवर, म्हणजे रोव्हरने (उपग्रहांवरून नेमकी जागा टिपणाऱ्या यंत्राने) होणाऱ्या जमीन मोजणीवर आणि फवारणीच्या ड्रोनवर. त्याबद्दल फारसं छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी वेगाचा हिशेब. स्फोटाचे क्ष-किरण आठ-साडेआठ मिनिटांत पोहोचतात आणि पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस असेल तिथला लघुलहरी रेडिओ काही वेळ बंद पाडतात. चुंबकीय क्षेत्रासह निघालेला वायूचा लोट मात्र सहसा एक ते तीन दिवस घेतो. १८५९ च्या सप्टेंबरातला सुमारे साडेसतरा तासांत आला होता. हा लोट निघालेला दिसतो, पण त्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, हे तो जवळ आल्याशिवाय नीट कळत नाही. दक्षिणेकडे असेल तरच मोठं वादळ. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असलेल्या आदित्य-एल१ सारख्या सूर्यावर नजर ठेवणाऱ्या यानांवरून तो गेला की आपल्या हाती उरतात जेमतेम पंधरा मिनिटं ते तासभर. दोन दिवस आधी ‘महावादळ येणार’ असा मथळा देऊन नंतर काहीच होत नाही, त्याचं कारण हे.

विजेचं काय? मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज दीड मिनिटात कोसळली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. चुंबकीय क्षेत्र हलतं तेव्हा जमिनीत आणि लांब तारांत जवळपास एकदिश प्रवाह वाहतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून (जमिनीला जोडलेल्या टोकातून) शिरतो, लोखंडी गाभा अर्ध्या आवर्तनात चुंबकत्वाने संपृक्त होतो, हार्मोनिक (विजेच्या लहरीतले बिघाड) वाढतात आणि वीज तोडणारे संरक्षक रिले नको तेव्हा सुटतात. क्युबेक ध्रुवाच्या जवळ आहे, आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे तसा प्रकार इथे होण्याची शक्यता फार कमी. तरी धुळ्याला ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे, आणि लाईनचा दाब जितका जास्त, तितका तारेचा दर किलोमीटरचा रोध कमी व हा प्रवाह जास्त; असा प्रवाह लांब लाईनमध्येच मोठा होतो. ऑक्टोबर २००३ नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या काही मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड आढळले, तेही त्याच रात्री नाही, हळूहळू. न्यूट्रलवर एकदिश प्रवाह मोजणारा सेन्सर बसवणं ट्रान्सफॉर्मरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तेवढं व्हावं.

(जाता जाता: १८५९ च्या त्या वादळाच्या सर्वात मोलाच्या नोंदींपैकी एक मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची आहे. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) घसरलेला दिसला. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून ती मोजणी अलिबागला हलवली.)

आता मूळ मुद्दा. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथलं आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) दिवसा वर उचललं जातं आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला गुजरात-मध्य प्रदेशच्या पट्ट्यावर साचतं. खान्देश त्याच्या काठावरच आहे. म्हणजे ध्रुवीय प्रकाश दिसण्याच्या दृष्टीने आपण चुकीच्या जागी, पण जीपीएस बिघडण्याच्या दृष्टीने अगदी नेमक्या जागी. संदेशाच्या वाटेत किती इलेक्ट्रॉन आहेत ते ठरावीक एककांत मोजतात; अशा एका एककामागे जीपीएसच्या मुख्य संदेशाचं मोजलेलं अंतर १६ सेंटिमीटरने लांबतं. सूर्य सक्रिय असताना दुपारी दोनच्या सुमारास या पट्ट्यात शंभर एककं म्हणजे नवल नाही. सुधारणेशिवाय ती सोळा मीटरची चूक झाली.

रोव्हर ही चूक संदर्भ-केंद्राशी (ज्याची जागा आधीच नेमकी माहीत असते अशा केंद्राशी) तुलना करून काढतो. त्यात एक गृहीत असतं: केंद्रावरचं आणि शेतावरचं आयनांबर सारखंच आहे. वादळात तीस-चाळीस किलोमीटरवरसुद्धा ते सारखं राहत नाही. मग पडद्यावर ‘फिक्स’ (जागा नेमकी ठरली) ऐवजी ‘फ्लोट’ (जागा अंदाजे) येतं आणि दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता वीतभर ते मीटरभर ढिली होते. त्याहून वाईट म्हणजे खोटा फिक्स: यंत्र हिरवं दाखवतं, बिंदू मात्र सरकलेला असतो. वीतभर बांधावरून कोर्टात जाणाऱ्या आपल्या भागात ही बाब लहान नाही.

उपाय अवघड नाहीत. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर एकाच ज्ञात बिंदूवर रोव्हर उभा करून फरक पाहावा. हद्दीचा प्रत्येक दगड दोनदा घ्यावा, मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि दुसऱ्या वेळी यंत्राला फिक्स नव्याने शोधायला लावावा. दोन्ही वाचनं तीन-चार सेंटिमीटरच्या आत नसतील तर तो बिंदू धरू नये. क्षितिजापासून १५ अंशांखालचे उपग्रह वगळावेत, पीडीओपी (उपग्रहांची आकाशातली मांडणी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) तीनच्या वर गेला तर थांबावं. वादाची मोजणी सकाळी लावावी, बारा ते चार टाळावं. फ्लोटवर घेतलेल्या बिंदूवरून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) तयार होऊ नये, एवढा आग्रह शेतकऱ्याने धरायला हरकत नाही.

ड्रोनचं गणित वेगळं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्य मावळल्यावर तासाभराने आयनांबरात बुडबुड्यांसारखी भगदाडं पडतात आणि उपग्रहांचे संदेश लुकलुकू लागतात. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत हे वादळाशिवायही होतं. वादळ कधी ते वाढवतं, कधी दाबूनही टाकतं. कपाशीच्या फवारणीचा हंगाम नेमका यातच येतो. वारा पडतो म्हणून संध्याकाळ सोयीची वाटते, पण दिवस मावळण्याआधी ड्रोन खाली असावा. स्थान हरवलं तर तो उंची धरतो, जागा धरत नाही. वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि ‘घरी परत’ या बटणाचा भरवसा राहत नाही. म्हणून हाताने उडवण्याचा सराव हवाच. होकायंत्राच्या इशाऱ्याचा दोष मात्र सूर्याला देऊ नये. मे २०२४ च्या जी-५ (सर्वात तीव्र श्रेणीच्या) वादळातही विषुववृत्ताजवळच्या क्षेत्रातली घट सरासरी चारशे नॅनोटेस्लाच्या आसपास होती. आपल्याकडचं एकूण क्षेत्र चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार आहे. तो इशारा बहुधा जवळच्या लोखंडी खांबामुळे, तारेच्या कुंपणामुळे किंवा मोटारीमुळे येतो. जीपीएस मात्र मे २०२४ च्याच वादळात बिघडलं: अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर शेतातच थांबवावे लागले होते.

सूर्याचा सक्रिय काळ ओसरू लागला म्हणून निर्धास्त होऊ नये; २००३ ची वादळं शिखर उलटून गेल्यावरचीच होती. आपली विनंती दोन ओळींची आहे. हवामानाच्या चौकटीत रोज केपी निर्देशांकाचा (चुंबकीय वादळाची तीव्रता शून्य ते नऊमध्ये सांगणाऱ्या आकड्याचा) अंदाज छापावा: पाचखाली नेहमीसारखं काम, पाच-सहाला दगड दोनदा मोजा, सात किंवा वर असेल तर हद्दीची मोजणी पुढच्या दिवसावर ढकला. आणि भूमी अभिलेख विभागाने मोजणीच्या कागदावर प्रत्येक बिंदूपुढे वेळ, फिक्स की फ्लोट, आणि पीडीओपी या तीन रकान्यांची सोय करावी. ही माहिती यंत्रात असतेच, फक्त छापून खातेदाराच्या हाती द्यायची आहे.

— मोजणी व ड्रोन प्रशिक्षणाच्या कामातील काही वाचक, धुळे-जळगाव