पेटीवाल्या काकांना अनावृत आभारपत्र

फोंडा, गोवा

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या देवळाच्या सभामंडपात माझा छोटासा सत्कार झाला. शाल-श्रीफळ झाल्यावर सूत्रसंचालकांनी विचारले की, संवादिनीची, म्हणजे पेटीची, साथ आणि पेट्यांची दुरुस्ती या दोन्हींकडे मी कशी वळले आणि माझी प्रेरणास्थाने कोणती. मी गायिका सूरश्री केसरबाई केरकरांचे नाव घेतले, संवादिनीवादक पंडित तुळशीदास बोरकरांचे घेतले, सावंतवाडीच्या राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांना लहानपणी भेटल्याची आठवण सांगितली, आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. रात्री घरी शालीची घडी घालताना लक्षात आले की, या तिघांपर्यंत मला ज्यांनी बोट धरून नेले त्यांचे नाव मी घेतलेच नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. चार लोकांत राहून गेलेली गोष्ट चार लोकांतच सांगायला हवी, असे वाटले. म्हणून हे पत्र तुमच्या हाती न देता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. नाव मात्र याही पत्रात घालत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही हे मला ठाऊक आहे. आपल्या भागात पेटीवाले काका म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही.

आई काजूच्या कारखान्यातून दिवेलागणीला परतायची आणि शाळा दुपारी सुटायची. मधले तीन-चार तास मी कुठे काढावेत, हा प्रश्न आमच्या घरात कधी उघडपणे बोलला गेला नाही, कारण तुम्ही तो निर्माणच होऊ दिला नाही. तुमच्या पडवीत खिडकीखाली माझ्यासाठी एक बुटके स्टूल आले आणि पहिल्याच दिवशी माझ्याकडे एक काम आले. उघडलेल्या पेटीचे स्क्रू करवंट्यांत ठेवायचे, तेही ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने, भात्याचे एका करवंटीत, झाकणाचे दुसरीत, खुंट्यांचे तिसरीत. मी दहा वर्षांची होते. आज माझ्या टेबलावर प्लास्टिकचे डबे असले तरी स्क्रू त्याच क्रमाने उतरतात, आणि हातात पेटी आली की पहिल्यांदा मी त्या तीन करवंट्या शोधते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पेटीचे काय हाल होतात, हे मी तिथेच पाहिले. लाकूड फुगते, पट्ट्या एकमेकींना घासून अडकून बसतात, भात्याच्या चामड्याला बुरशी येते, आणि बंद ठेवलेली पेटी असेल तर आत उंदरांनी संसार थाटलेला असतो. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या पंधरा दिवसांत तर पडवीत पाय ठेवायला जागा नसे, कारण घराघरांतल्या आरत्यांना घुमट या मातीच्या वाद्याच्या जोडीने पेटीही हवी असे, आणि वर्षभर कपाटावर पडून राहिलेली पेटी गणपतीवरची माटोळी बांधायच्या आत वाजती करून द्यावी, अशी प्रत्येकाची अपेक्षा असे. त्या घाईतही तुम्ही एक गोष्ट कधी घाईने केली नाहीत, ती म्हणजे सूर मिळवणे.

तो प्रसंग मला जसाच्या तसा आठवतो. तुम्ही एक पितळी सूर बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. माझ्या करंगळीएवढी पट्टी आणि तिच्या मध्यभागी एका टोकाला जडवलेली पातळ जीभ. तिच्याखाली पितळेची पत्री सरकवून तुम्ही कानशीचे एकच टोक जिभेच्या मोकळ्या शेंड्यावरून फिरवलेत. पिवळसर पूड निघाली, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. सूर परत बसवून तुम्ही भाता हलवलात आणि म्हणालात, "ऐक, चढला." मग जिभेच्या मुळाशी खरवडलेत आणि म्हणालात, "आता उतरला." शेंड्याकडचे वजन कमी झाले की जीभ वेगाने हलते आणि मुळाशी ती अशक्त झाली की सावकाश हलते, हे कारण मला पुढे पुस्तकात मिळाले, पण कानांना ते त्या दिवशीच समजले होते. नंतर तुम्ही एकाच पट्टीचे नर आणि मादी असे जोडीचे दोन सूर एकाच वेळी वाजवलेत. दोन्ही जवळजवळ जुळलेले, पण नेमके नाहीत, त्यामुळे आवाज होडीसारखा डोलत होता. तुम्ही थोडे थोडे खरवडत गेलात आणि तो डोल मंदावत गेला, एक हेलकावा, मग बऱ्याच वेळाने दुसरा, आणि एका क्षणी आवाज स्थिर झाला. माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडले असते, पण तुम्ही डोळे मिटून बसला होतात, म्हणून मीही मिटले. ते ऐकून झाल्यावर तुम्ही मला काय वाटले असे विचारले नाहीत, आणि त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे, कारण त्या वयात मला ते सांगता आले नसते आणि सांगण्याच्या खटपटीत ते हातचे निसटले असते.

केसरबाईंचे गाणे मी पहिल्यांदा तुमच्या टेपरेकॉर्डरवर ऐकले. भैरवी होती. आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातला, खरखरीमागून येणारा, आणि तरीही इतका भरीव की पडवीतल्या बंद पेट्यांच्या लाकडातून तो घुमतो आहे असे मला वाटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी फोंडा तालुक्यातल्याच केरी गावी एका भजनी मंडळाची पेटी पोहोचवायला तुम्ही मला स्कूटरवरून नेलेत आणि परतताना त्यांच्या नावाच्या शाळेसमोर थांबलात. "ती कॅसेटमधली बाई याच गावची," असे तुम्ही म्हणालात, आणि आकाशाकडे बोट करून पुढे म्हणालात, "आणि तिचा आवाज आता तिथे आहे." मला वाटले, त्या देवाघरी गेल्या असे तुम्हाला म्हणायचे आहे. मग तुम्ही समजावून सांगितलेत की, १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, तिच्यात जगभरातल्या संगीताचे २७ तुकडे आहेत आणि त्यांत केसरबाईंनी गायलेली 'जात कहां हो' ही भैरवी आहे. पुढे मोठी झाल्यावर मी तारखा पाहिल्या. त्यांतले व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ते यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेल्याची बातमी आली तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता, आणि तुम्ही बराच वेळ काही न बोलता नुसता तो फोन कानाशी धरून होता.

आपल्या हातातल्या वाद्याचा अभिमान बाळगायलाही तुम्हीच शिकवलेत. आकाशवाणीने १९४० साली पेटीला स्टुडिओत बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही, हे तुम्ही मला जरासुद्धा कडवटपणा न ठेवता सांगितलेत. बंदीमागचे आक्षेपही नीट समजावलेत, की पेटीचे सूर ठोकून बसवलेले असतात, त्यामुळे तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि श्रुतींचे, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे दाखवता येत नाहीत. "हे खोटे नाही," असे तुम्ही म्हणालात, आणि उत्तर द्यायच्या ऐवजी मला पणजीला कला अकादमीत बोरकरबुवांचे एकलवादन ऐकायला नेलेत. बोरीचा हा माणूस, संवादिनीवादक पी. मधुकरांचा शिष्य. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते आणि तुम्ही माझ्या कानाशी लागून हळूच म्हणालात, "डावा हात बघ." तेव्हा मला भाता दिसला. हवा कुठे रोखून धरायची, कुठे अलगद सोडायची, एक सूर संपायच्या आत दुसऱ्याला कसा स्पर्श करायचा, यातून त्या ठोकळेबाज पट्ट्यांवर मींड असल्याचा भास होत होता. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत, जणू घरातल्याच कुणाला मिळाली होती.

आता सावंतवाडी. सत्कारात मी सर्वांत जास्त याच आठवणीवर बोलले आणि सर्वांत मोठी चूकही इथेच केली, कारण ऐकणाऱ्यांचा असा समज झाला की एका शाळकरी मुलीला राजवाड्यातून बोलावणे आले होते. बोलावणे वगैरे काही नव्हते. पेटीच्या खुंट्यांसाठी लाकडी गोळे कातून घ्यायला तुम्ही तिथल्या चितारआळीत, लाकूडकाम करणाऱ्यांच्या गल्लीत, जायचात आणि मे महिन्याच्या सुट्टीत मला बरोबर घेतले होते. फोंड्याहून पणजी, तिथून म्हापसा, मग पत्रादेवी ओलांडून बांदा आणि सावंतवाडी. काम उरकल्यावर मोतीतलावाच्या काठी आपण सोडा प्यायलो आणि तुम्ही म्हणालात, "चल, राजवाड्यात रंगकाम चालते, ते बघू." मला वाटले, आपल्याला दारावरूनच परत पाठवतील.

दरबाराच्या भव्य दालनात कारागीर जमिनीवर बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवत होते. माझ्या तळहातात मावेल एवढे गोल पान, त्यावर केसाएवढ्या बारीक कुंचल्याने काढलेला मत्स्यावतार, आणि वर लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात; प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंतची दहा पाने. तिथे साध्या साडीतल्या एक बाई आल्या आणि त्यांनी आम्हाला अगदी आपुलकीने सगळे दाखवले. त्या राजमाता होत्या, हे मला बाहेर पडल्यावर तुमच्याकडून कळले. त्यांनी तुमचा व्यवसाय विचारला, आणि तुम्ही सांगितल्यावर लाखेच्या थरांबद्दल आणि दमट हवेत लाकूड कसे वागते याबद्दल त्या तुमच्याशी बराच वेळ बोलत राहिल्या, एका कारागिराने दुसऱ्याशी बोलावे तसे. परतीच्या बसमध्ये तुम्ही मला सांगितलेत की, ही कला जवळजवळ संपली होती, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली आणि नव्या मुलांच्या हाती दिली. ज्यांच्यासमोर लोक वाकून मुजरा करत, ती माणसे एका चिताऱ्यापुढे विद्यार्थी म्हणून बसली होती. बांद्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत तोच विचार करत होते. माझी आई काजू सोलते आणि मी कानशी पुसते, याची शाळेत मला लाज वाटत असे. ती त्या दिवशी गेली आणि पुन्हा कधी आली नाही.

पुढचे थोडक्यात लिहिते, कारण त्यातले बरेचसे तुम्हाला माहीत आहे. एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी, पेटी मिळवायला बाई कशाला, असे म्हणून मला रंगमंचामागूनच परत पाठवले होते. मी रडत तुमच्याकडे आले. तुम्ही त्यांना नावे ठेवली नाहीत, माझी समजूतही काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळातल्या भजनी सप्ताहाची पेटी माझ्यासमोर ठेवलीत, तुमची स्वतःची कानस माझ्या हातात दिलीत आणि बाजाराला निघून गेलात. तुम्ही परत आलात तेव्हा दुपार टळून गेली होती. तुम्ही उभ्या उभ्याच खर्जापासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबत गेलात, वर पोहोचलात, काहीही न बोलता झाकण लावलेत आणि पेटी देवळात पोहोचवायला मलाच सांगितलेत. त्या रात्री त्या पेटीवर चोवीस तासांचे भजन चालू होते आणि मी मंडपाच्या खांबाला टेकून पहाटेपर्यंत बसले होते, एखादा सूर हलतो का, हे ऐकत.

तुम्ही उरल्यासुरल्या भागांतून मला जोडून दिलेली पेटी अजून माझ्याकडे आहे. तिच्या पांढऱ्या पट्ट्या तीन वेगवेगळ्या छटांच्या आहेत आणि खुंट्यांना सावंतवाडीचे ते लाखेचे लाल गोळे आहेत. माझ्याकडे शिकायला येणारी मुले पहिल्यांदा त्याच पेटीवर बसतात. खिडकीखाली एक बुटके स्टूलही आहे, आणि सध्या त्यावर शेजारची नऊ वर्षांची मुलगी बसते. तिच्या हातात मी करवंटी दिली आहे.

काका, तुमची बोटे आता थरथरतात आणि कानस धरवत नाही, असे तुम्ही मागच्या भेटीत म्हणालात. पण कान तसेच आहेत, हे मला ठाऊक आहे. त्या पेटीतली काळी पाचची मादी या पावसाळ्यात किंचित उतरली आहे. मी तिला हात लावलेला नाही. चवथ झाली की पेटी घेऊन तुमच्याकडे येते. कानस मी धरेन. डोल थांबला की तुम्ही सांगा.

आपली,
पडवीतल्या स्टुलावरची मुलगी