सूचना : सुट्टीतली थीम पार्क सहल

सर्व सभासदांना नमस्कार. जोडून सुट्ट्या आल्या की थीम पार्क तुडुंब भरतात. त्यामुळे येणाऱ्या कुटुंबांनी तिकिटे आत्ताच ऑनलाइन काढावीत. गेटवर मिळतीलच या भरवशावर राहू नये.

मुलांची उंची घरीच मोजा, तीही बुटांशिवाय. मोठ्या राइड्सना किमान उंचीची अट असते आणि तासभर रांगेत उभे राहून परत फिरावे लागले, तर रडारड ठरलेली! (समजूत घालायला आम्ही येणार नाही.) लहान मूल सोबत असल्यास ‘रायडर स्वॅप’ आहे का ते विचारा. त्यात आईबाबा आळीपाळीने राइड घेतात, रांग मात्र एकदाच.

गेट उघडण्याआधी पोहोचा, गाजलेल्या राइड्स सकाळीच उरका. मुलांच्या मनगटावर पालकांचा मोबाइल नंबर लिहायला विसरू नका.