पिल्लांआधी पाणी तपासणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचेत.

आमच्या कवठेमहांकाळ भागात बोअरचं पाणी मचूळ. माणसं जारचं पाणी पितात, जनावरं बोअरचं. दूध तोडलेल्या डुकरांच्या पिल्लांची हगवण थांबता थांबत नव्हती. औषध दिलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. पिल्लं वाळत चालली होती. तुम्ही आलात आणि आधी पाण्याचे नमुने मागितलेत: एक बोअरचा, दुसरा शेडमधल्या अगदी शेवटच्या निपलचा, म्हणजे डुकरं तोंडानं दाबून पाणी पितात त्या तोटीचा. तो दुसरा नमुना दुसऱ्या कुणाला सुचला नसता. बोअरच्या पाण्यात जंतू नव्हतेच, निपलच्या पाण्यात मात्र कोलिफॉर्म, म्हणजे घाणीची खूण सांगणारे जंतू, निघाले. पत्र्याखाली तापणाऱ्या पाइपात बुळबुळीत थर धरला होता. तुम्ही पाइपाचा तुकडा कापून, आत बोट फिरवून तो दाखवलात. टाकीत नुसतं क्लोरीन टाकून हा थर सुटत नाही, आधी हायड्रोजन पेरॉक्साइडनं लाइन धुवावी लागते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

क्षारांचं दुखणं वेगळंच. आमच्या बोअरला लिटरमागं 3000 मिलिग्रॅमच्या वर क्षार, त्यात सल्फेट जास्त. मोठी डुकरं अशा पाण्याला सरावतात. नुकतं दूध सुटलेली पिल्लं पातळ हगतात, आणि ती हगवण जंतूंची नसल्यानं प्रतिजैविकाला दाद देत नाही. त्यातून टेट्रासायक्लिनसारखं औषध जड पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटून बसतं, अंगी लागतच नाही. इतका पैसा कुठं जिरला, त्याचा उलगडा झाला. आता म्हैसाळ योजनेतून येणारं कृष्णेचं पाणी शेततळ्यात साठवतो आणि गाळून, क्लोरीन लावून पिल्लांना तेच देतो.

व्यालेल्या माद्यांच्या पाण्याची निपलंही तुम्ही बाटली आणि घड्याळ घेऊन एकेक मोजलीत. अशा मादीला दिवसाला 20 ते 30 लिटर पाणी लागतं, मिनिटाला 2 लिटरच्या आसपास धार हवी. क्षारानं चोंदलेली निपलं बदलली, आणि माद्यांचं दूध वाढलं.

डुकरांच्या शेडकडं फिरकायला भलेभले कचरतात. तुम्ही नाकाला रुमाल न लावता आत उकिडवे बसलात, आमच्या धंद्याला धंद्यासारखं वागवलंत. घरातली सगळी हे बोलून दाखवतात.

जतकडचे काही वराहपालक तुमचा नंबर मागतायत. द्यायचा का, तेवढं कळवा.

तुमचा ऋणी,
एक वराहपालक, कवठेमहांकाळ