तात्या, उतारावर पाय कसा टाकायचा हे सांगितल्याबद्दल

आदरणीय तात्यांना,
सप्रेम नमस्कार.

पहाटे साडेपाचला रंकाळा तलावावर पळायला जमणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चला, अंग थंड पडतंय" म्हणून पळायला लावता. म्हणून लिहून, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

पळण्याच्या सरावाची वेळापत्रकं मोबाईलवर ढिगानं मिळतात. तुम्ही त्यातल्या प्रत्येक ओळीमागचं कारण सांगितलंत. मंगळवार चुकला तर बुधवारी काय करायचं, हे कारण माहीत असलेल्यालाच ठरवता येतं. (मंगळवारचं बुधवारी उरकायचं नाही, कारण मग गुरुवारचा चढ दमलेल्या पोटऱ्यांवर येतो. मंगळवार गेला तो गेला.)

दहा किलोमीटर ५८ मिनिटांत संपवणारा, आठवड्याला ४० किलोमीटर झेपणारा माणूस धरून तुम्ही आखून दिलेला आठवडा नव्यांसाठी इथे उतरवून ठेवतो. सोमवार पूर्ण सुट्टी. मंगळवारी २ किलोमीटर सावकाश, मग ८०० मीटरचे पाच वेगाचे टप्पे, मध्ये चारदा ४०० मीटर अगदी हळू, शेवटी अंग निवायला १.४ किलोमीटर, असे एकूण ९. प्रत्येक ८०० साधारण ४ मिनिटं २० सेकंदांत. पाचवा पहिल्यापेक्षा दहा सेकंदांनी मागे पडला तर चूक पाचव्याची नाही, पहिलाच जास्त जोरात गेला. बुधवारी ६ किलोमीटर इझी. गुरुवारी टेंबलाईच्या चढावर ४५ सेकंदांचे आठ जोराचे चढ, खाली येताना चालत, येणं-जाणं धरून ७ किलोमीटर. शुक्रवारी पळणं नाही, ताकदीचे व्यायाम. शनिवारी ४ किलोमीटर, शेवटी २० सेकंदांचे चार स्ट्राइड, म्हणजे वेग हळूहळू वाढवत मोकळं पळणं. रविवारी १४ किलोमीटर, महिन्यातून दोनदा डोंगरात. दर चौथ्या आठवड्याला हे सगळं पाऊण पट.

यातला सगळ्यात अवघड दिवस बुधवारचा आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. इझी म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं किंवा त्याहूनही हळू, सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. तीन शब्दांवर श्वास तुटला की वेग कमी करायचा. रंकाळ्यावर शेजारून कुणी पुढे गेलं की पाय आपोआप उचलला जातो आणि इझीचा मधलाच काहीतरी वेग होतो. त्यात मंगळवारचा थकवा उतरत नाही आणि गुरुवारसाठी पाय ताजे राहत नाहीत. तुमचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि कंडरा त्याच्या बऱ्याच मागून तयार होतात. म्हणून नवशिक्याची नडगी पहिल्या आठवड्यात क्वचित दुखते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आता जमायला लागलं असं वाटत असतानाच ती धरते.

नडगीबद्दलची तुमची कसोटी सगळ्यांना पाठ आहे. हाडाच्या कडेने लांब पट्टा दुखत असेल आणि पळताना अंग तापल्यावर कमी होत असेल, तर अंतर निम्मं करून बघायचं. एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागेवर, थेट हाडावर दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांचा डॉक्टर गाठायचा. हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसतच नाही. "एक्स-रे साफ आहे" एवढ्यावर परत पळायला लागणाऱ्या दोघांना तुम्ही थांबवलंत. त्या दोघांच्या वतीने तुमचे विशेष आभार इथेच नोंदवतो.

रंकाळ्याची फेरी रोज एकाच बाजूने मारायची नाही, हीसुद्धा तुमचीच शिकवण. पाणी जाण्यासाठी रस्त्याला कडेकडे उतार असतो. एकाच दिशेने पळालं की एक पाय कायम किंचित खाली पडतो आणि त्याच बाजूचा खुबा नाहीतर गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. एक दिवस उजवीकडून, एक दिवस डावीकडून, बस्स. शहराबाहेर अंधारात पळताना मात्र नेहमी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. उसाचा हंगाम सुरू झाला की हे दुप्पट पाळायचं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढून गेला तरी मागच्या ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊस हातभर कडेला असतात, आणि मागे दिवा असेलच असं नाही. ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून खाली उतरायचं, उगाच वेळ वाचवायचा नाही.

शुक्रवारचे व्यायाम तालमीतल्या माणसाला हसू येईल इतके साधे आहेत. एका पायावर टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन, गुडघा किंचित वाकवून १५ चे तीन, कारण पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळ्या स्थितीत काम करतात. पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं, प्रत्येक बाजूला १० चे तीन. आणि बैठका, पण उठताना नेहमीच्या वेगाने आणि बसताना तीन आकडे मोजत. या सावकाश बसण्याचा अर्थ डोंगरात गेल्यावर कळला.

आता उतार. या पत्राचं खरं कारण तेच.

चढाला सगळे घाबरतात, पण पाय मोडतो तो उतारावर. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन झेलतो, आणि या झेलण्यात त्याचे धागे जास्त दुखावतात. म्हणून घाट उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. यावर औषध एकच आणि ते आधी घ्यायचं असतं: उताराची थोडी मात्रा. एकदा नीट उतरून आलेल्या स्नायूला पुढचे काही आठवडे तोच उतार कमी बाधतो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची, यवतेश्वरचा घाट जाताना बहुतेक चढ आणि येताना उतार. तिच्या तीन आठवडे आधी तुम्ही सगळ्यांना वाघबीळहून पन्हाळ्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर नेऊन ६०० मीटरचे चार उतार पळायला लावलेत. त्यानंतर शेवटच्या बारा दिवसांत मात्र एकही जोराचा उतार नाही, कारण दुखावलेले स्नायू भरून यायला तेवढे दिवस हवेत.

पाय कसा टाकायचा तेही तुम्ही स्वतः पुढे पळून दाखवलंत. अंग मागे झुकवायचं नाही. मागे झुकलं की टाच पुढे पडते, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि तो धक्का सरळ गुडघ्यात जातो. ओल्या दगडावर तीच टाच घसरते आणि माणूस पाठीवर पडतो. पावलं लहान आणि भरभर, गुडघे किंचित वाकलेले, हात बाजूला पसरलेले. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे. पाय कुठे पडणार हे दोन पावलं आधी ठरलेलं असतं, पायाशी बघणाऱ्याला ते उशिरा कळतं. सुट्या खडीवर वळायचं नाही, वळण त्याच्या आधीच घ्यायचं.

काळी पडणारी नखं हाही उताराचाच प्रकार. पाय बुटात पुढे सरकून बोटं टोकावर आपटतात. बूट अंगठ्याभर मोठा घ्यायचा आणि संध्याकाळी, पाय सुजलेले असताना मापायचा. घोट्याजवळचं शेवटचं भोक बहुतेक जण रिकामं सोडतात. त्याच बाजूच्या भोकातून लेस ओवून छोटा फास करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढून गाठ मारायची. टाच जागेवर बसते. नखं दोन दिवस आधी सरळ रेषेत कापायची, आदल्या रात्री नाही.

पन्हाळ्याजवळचं मसाई पठार रस्त्यावरच्या हिशोबाने मोजायचं नाही, हेही तुमच्यामुळेच समजलं. दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. १४ किलोमीटर अंतर आणि ५०० मीटर चढ म्हणजे १९ किलोमीटरची मेहनत. म्हणून डोंगरातला रविवार किलोमीटरवर न आखता वेळेवर आखायचा, दोन तास म्हणजे दोन तास. चढ तीव्र झाला की हात मांडीवर ठेवून चालायचं. तिथे चालणारा आणि पळणारा जवळपास बरोबरच वर पोहोचतात, पळणाऱ्याचा दम मात्र गेलेला असतो.

पावसाळ्यात पठारावरच्या जांभ्यावर शेवाळ धरतं. चार-पाच मिलिमीटर दात असलेला ट्रेल बूट लाल चिखलात पकड देतो, पण शेवाळलेल्या सपाट दगडावर कुठलाच तळवा भरवशाचा नाही. तिथे चालायचं. धुकं उतरलं की पठारावर दिशा कळत नाही, सगळीकडे सारखंच गवत. म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, गळ्यात शिट्टी, आणि पुढचा माणूस दिसेनासा झाला की थांबायचं. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पठारावर असायचंच नाही. वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर उघड्यावरून ताबडतोब खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

आणि फुलांच्या दिवसांत पायवाट सोडायची नाही. त्या दगडावर मातीचा थर बोटभरही नसतो, एका बुटाने उखडलेला तुकडा लवकर भरत नाही. वाडीतून जाताना चालत जायचं, कवाड होतं तसं लावायचं, भाताच्या बांधावर पळायचं नाही. म्हशी वाटेत असतील तर बोलत बोलत, अंतर ठेवून, सावकाश. म्हाळुंगे, कुंभारवाडी या बाजूला आम्हाला पाणी विचारायला आजही संकोच वाटत नाही, तो तुम्ही घालून दिलेल्या या वागण्यामुळे.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. सव्वा तासाच्या आतल्या पळण्याला पाण्याशिवाय काही लागत नाही. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं: मध्यम केळ्यात साधारण २५, वीस ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात जवळपास १८. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, तोच अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. तहान लागेल तसं घोट घोट. नुसतं पाणी भरमसाट पिणंही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं, आणि डोकं जड, मळमळ, हाताच्या बोटांना सूज हे बघून लोक आणखी पाणी पाजतात. शर्यतीआधी दुखण्याची गोळी घ्यायची नाही, घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर पडते. तांबडा रस्सा शर्यतीच्या दोन रात्री आधी चालेल, आदल्या रात्री दहीभात. तिखट आणि तवंग पोटात रेंगाळतो, आणि घाटात शौचालय शोधायची वेळ येते. आदल्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणायचं, पण मंगळवारचे दोन ८०० ठेवायचेच, नाहीतर पाय सुस्तावतात. नवे बूट, नवे मोजे, पळताना खायचं नवं जेल यातलं काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही.

भिजलेले बूट उन्हात किंवा चुलीपाशी ठेवायचे नाहीत, डिंक सुटून तळवा उघडतो. आतला पॅड काढायचा, जुनं वर्तमानपत्र कोंबायचं, दोन तासांनी बदलायचं, पंख्याखाली ठेवायचं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की पन्हाळ्याकडे जाणाऱ्या केर्लीच्या रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून त्या आठवड्याचा रविवार कात्यायनीच्या डोंगराच्या बाजूला. हेही तुम्ही सांगायच्या आधी आता आम्हीच ठरवतो.

एक गोष्ट मात्र तुम्ही कारण न सांगता करत आलात. डोंगरात कायम सगळ्यात मागे, शेवटच्या माणसाबरोबर पळत आलात. कारण आम्हीच शोधलं. घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा मागे पडलेल्याचा, पुढच्यांना गाठायच्या घाईत, आणि नेमकं तेव्हा त्याच्याजवळ कुणी नसतं. इतक्या रविवारी तुम्ही स्वतःच्या वेगावर पाणी सोडलंत, तात्या.

येत्या रविवारी मसाईला मागे राहायची पाळी आम्ही चौघांत वाटून घेतली आहे. पट्टी, शिट्टी आणि गुळाची पिशवी आमच्याकडे. तुम्ही पुढे निघा.

तुमची,
रंकाळ्यावरची पहाटेची मंडळी
कोल्हापूर