होळीला सगळे येतात

मेळघाट, ता. धारणी
होळीला आठ दिवस आहेत

प्रिय सुध्या,

तुझं पाकीट वाटेत कुठेतरी चांगलं मुरून परवा माझ्या हातात पडलं. मुक्कामी एसटीच्या कंडक्टरनं आणून दिलं, वर "गुरुजी, पत्र? अजून कोण लिहितं?" असंही विचारलं. त्याला काय सांगू, की आमच्या मित्राला फोनवर नीट भांडताच येत नाही.

तू विचारलंयस, बदली कधी मागतोयस. ते नंतर. आधी शाळेचं ऐक.

हजेरीपटावर 38 नावं आहेत. आज वर्गात 13 होती. दिवाळीनंतरच्या आठवड्यात 25 पोरं आईबापांबरोबर गेली. कुणी अकोल्याकडे विटांच्या भट्टीवर, कुणी अमरावतीकडे कापूस वेचायला, एक कुटुंब तर गुजरातपर्यंत. रात्री जीप लागते, गाठोडी, भांडी, एखादी कोंबडी चढते आणि सकाळी चार-पाच घरांच्या दारांना काट्या लावलेल्या असतात. इथल्या कोरकू आदिवासींची घरं समोरासमोर दोन ओळींत, मधे रुंद अंगणासारखा रस्ता. त्यामुळे कोण गेलं हे लपत नाही. ओळीत दात पडावा तसं दिसतं.

सुध्या, मला सारखी आपली शाळा आठवते. दसरा झाला की उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहायच्या. त्यातली पोरं कधीमधी आपल्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहायची, आपण त्यांना "टोळीची पोरं" म्हणायचो. तू एकदा एकाला तुझी पाटी दिली होतीस आणि घरी मार खाल्ला होतास. ती पोरं कुठून यायची, त्यांच्या गावात त्या दिवसांत काय उरत असेल, तिथल्या मास्तरानं त्यांच्या नावापुढे काय भरलं असेल, हे आपल्याला कधी सुचलं होतं का? मला तरी नाही. आता रोज गैरहजेरीच्या फुल्या मारताना मी त्या टोळीच्या दुसऱ्या टोकाला बसलोय.

लोक का जातात, तर त्यात कोडं काही नाही. पाऊस चार महिने असा कोसळतो की कवेलू फुटतात की काय वाटतं. पण जमीन उताराची, बरड. पाणी थांबत नाही, नाल्यांतून सिपनेत आणि सिपनेतून तापीत जातं. उन्हाळ्यात याच डोंगरांतल्या काही गावांना टँकर लागतो. म्हणजे खरिपाचं एकच पीक, मग हातांना काम नाही. (कोरकूत सिपना म्हणजे साग, नदीचं नावही तेच. सध्या सागाची पानं गळून पडलीत, जंगलात माणूस चालला तरी पापड मोडल्यासारखा आवाज येतो. अस्वल चाललं तरी तसाच येतो, म्हणून मी संध्याकाळी फार लांब जात नाही.)

शेजारच्या म्हातारीच्या कणगीत अजून कुटकी आहे. बारीक, मोहरीएवढा दाणा. कांडून भात करतात, वर तुरीचं पातळ वरण. पहिल्यांदा मला तो घशातून उतरेना, आता आपला तांदूळ फुळकवणी लागतो. तिच्या मुलानं मात्र सगळ्या शेतात सोयाबीन टाकलं. कुटकी विकून पोराच्या दवाखान्याचे पैसे निघत नाहीत, हे त्याचं म्हणणं. सोयाबीनचा भात होत नाही, हे तिचं. दोघंही खरं बोलतात. यंदा शेंगा भरताना पाऊस आला, काळं पडलेलं सोयाबीन व्यापाऱ्यानं निम्म्या भावात घेतलं आणि मुलगा बायकोला घेऊन भट्टीवर गेला. मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. नात आजीकडे राहिली, म्हणून ती माझ्या 13 मधली एक.

अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, गावातच जेवण मिळतं आणि रात्री ती आजी-आजोबांकडे झोपतात. ती सोय जिथे नीट चालते तिथे पोरं टिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण दोन वर्षांच्या भावाला सांभाळायला आठ वर्षांची बहीण भट्टीवर लागते, तिथे माझं समजावणं थिटं पडतं.

मेळघाट म्हटलं की तुम्हा लोकांना दोनच गोष्टी आठवतात, वाघ आणि कुपोषण. दोन्ही आहेत. व्याघ्र प्रकल्प 1974 पासूनचा. बोरी, कोहा, कुंड ही गावं त्यासाठी डोंगर उतरवून अकोटकडे नेली. आणि कुपोषणावर मी बोलत नाही, कारण वजनकाट्यावर बसलेलं मूल रोज समोर असलं की बोलायचा उत्साह राहत नाही. पण या दोन्हींच्या मधे एक गाव असतं. त्यात कुणाचा बैल आजारी असतो, कुणी पळून जाऊन लग्न केलेलं असतं, कुणाच्या कुडाला नवं शेणमातीचं लिंपण झालेलं असतं. त्याची बातमी होत नाही.

भाषेची गंमत तुला आवडेल. कोरकू ही मराठीची बहीण नाही की हिंदीची मावशी नाही. तिचं गणगोत तिकडे झारखंडातल्या संथाळी-मुंडारीत, आणि आणखी लांब कंबोडियाच्या ख्मेरपर्यंत. पोरांनी मला आकडे शिकवले: मिया, बारी, आफई, उफुन, मोनोय. माझा उच्चार ऐकून पहिलीचा वर्ग जमिनीवर लोळतो. एकदा अनेकवचन शिकताना कळलं की कोरकूत दोघांसाठी वेगळं रूप आहे, संस्कृतच्या द्विवचनासारखं. जोशी मास्तरांनी द्विवचनापायी आपल्याला किती कुटलं, आणि इथे शाळेची पायरी न चढलेली म्हातारी ते बैलजोडीला हाका मारताना वापरते.

रेल्वेचं तुझं वेड अजून आहे का? धूळघाटला एकदा नेतो तुला. अकोला-खंडवा मीटरगेज तिथे चढ कापायला गोल वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जायची. 2017 पासून ती बंद आहे. नवी रुंद लाईन जंगलातून न नेता बाहेरून न्यायचं ठरलं. मला ते पटतं, तरी म्हातारे लोक त्या गाडीचा विषय काढतात तेव्हा मी गप्प बसतो.

आता बदलीचं. फॉर्म भरलेला नाही. कारण फार थोर वगैरे समजू नकोस. आईच्या गुडघ्यांमुळे पुढच्या वर्षी भरावाच लागेल. पण यंदा होळी चुकवायची नाही. इथे दिवाळीला लोक जातात आणि होळीला येतात, भट्टीवाला अडवो नाहीतर उचल फिटायची राहो. पाच-पाच दिवस ढोल, मग मेघनाथाची जत्रा, उंच खांब, नवस. रावणाच्या या मुलाला इथे देव मानतात. मोहाची फुलंही तेव्हाच गळायला लागतात, पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली.

हे लिहीत असतानाच काल पहिली जीप आली. चौथीतला एक पोरगा आज शाळेत हजर. केसांत विटांचा लाल भुगा, अंगात बापाचा शर्ट. ऑक्टोबरात त्याला मराठीची दोन वाक्यं यायची. आता तीही गेलीत, पण हिंदीत शिव्या मात्र झकास देतो. विटा किती थापल्या विचारलं, तर हजारात हिशेब सांगितला, न चुकता. माझ्या वर्गात शंभराच्या पुढे अजून कुणी गेलेलं नाही. मी फळ्यावर लिहिलेली बेरीज त्यानं पुसून दुरुस्त केली. बरोबर होती त्याची.

हजेरी 14.

तू येच. अमरावतीहून परतवाडा, तिथून सेमाडोह, हरिसाल करत धारणीचा रस्ता धर. पोटात कालवतं, म्हणून पुढची सीट पकड. सुटे पैसे भरपूर ठेव, होळीनंतर बायका रस्त्यात गाडी अडवून नाचतात आणि फगवा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आणि येताना चार-पाच पाट्या घेऊन ये. यावेळी कुणी मारणार नाही तुला.

तुझा,
बाळ्या