पुनर्विकासाचं संमतीपत्र: सदनिका क्र. ७ चं म्हणणं

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, विलेपार्ले (पूर्व)

स. न. वि. वि.

काका, हे पत्र फाइलला लागणार म्हणून वर रीतसर लिहिलं, पण बोलायचं आहे ते तुमच्याशीच. मागच्या महिन्यात आलेल्या संमतीपत्रावर मी अजून सही केलेली नाही. त्यावरून ग्रुपवर माझं नाव विरोधकांत घातलं गेलं, ते मनाला लागलं. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. सही का अडली, ते सांगते.

पहिलं कारण घरातलंच. आई गेल्यावर नॉमिनी म्हणून संस्थेच्या दप्तरी माझं नाव लागलं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आईबाबांनी मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळे वारस आम्ही तिघं भावंडं. दोघांच्या संमतीवाचून मी सही केली तर उद्या ती तुमच्याच गळ्यात येईल. दादा म्हणतो, आहे तशी विकून मोकळे होऊ. "सत्तरीला आलो, पाडलेल्या घराची वाट किती बघू?" या त्याच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आम्ही विकण्याचाही हिशेब मांडला. बाबांनी जागा १९७२ साली घेतली, तेव्हा नफा मोजताना १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. जागा २३ जुलै २०२४ च्या आधीची असल्यामुळे कराचे दोन पर्याय आहेत: इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार वाढवलेली खरेदी किंमत, न घेता १२.५ टक्के, नाहीतर इंडेक्सेशन धरून २० टक्के. कर वजा करून उरेल त्याचे तीन वाटे. माझ्या वाट्यात पार्ल्यात एक खोलीसुद्धा यायची नाही. शिवाय आज येणारं गिऱ्हाईक लिफ्ट नाही, इमारत जुनी म्हणून भाव पाडतं, आणि पुनर्विकासात मिळणाऱ्या वाढीव जागेचा हक्क मात्र त्याच भावात घेऊन जातं. मला ते पटत नाही. धाकटीचा कल माझ्या बाजूने आहे, पण तिलाही कागद बघायचे आहेत.

थांबून चालणार नाही हे मला कळतं. श्रावणात एका दुपारी मी कणिक मळत होते आणि ओट्यावरच्या तुळईचा हातभर पोपडा थेट परातीत पडला. वर पाहिलं तर सळ्या गंजून फुगलेल्या, बोट लावलं की तांबडा भुगा सुटत होता. जिन्यात टेकू लावलेत त्याला दोन वर्षं होत आली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचं तर चौघं जण खुर्चीत बसवून उतरवतात. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आपली इमारत सी-२ बी आली, म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती. तेव्हा पाडायला वेळ लागणार असेल, तर निदान तुळया आणि जिना यांची दुरुस्ती पावसाळ्याआधी उरकून घ्या.

आता संमतीपत्राकडे येते. त्यात "३५ टक्के वाढीव कार्पेट", म्हणजे घरातलं वापराचं क्षेत्रफळ, एवढंच आहे. कोणतं कार्पेट? बाबांच्या करारात आहे ते मोफा या जुन्या सदनिका कायद्याच्या व्याख्येचं, त्यात आतल्या भिंतींची जागा धरत नाहीत. रेरा या नव्या कायद्याच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतीही मोजतात. दादाने आणि मी टेप घेऊन आमचं घर मोजलं, ४२० चौरस फूट भरलं. त्यावर ३५ टक्के म्हणजे ५६७. हे ५६७ रेराचे असले आणि नव्या घराच्या आतल्या भिंतींत २० गेले, तर वापरायला ५४७ उरतात. वाढ ३० टक्क्यांवर येते. २० चौरस फूट म्हणजे आमचं आत्ताचं न्हाणीघर, काका. मोफा आणि रेरा, दोन्ही कार्पेटचे आकडे प्रत्येक घरासमोर लिहून द्या, एवढंच मागते.

दुसरी शंका उंचीची. आपण विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखाली येतो. विमानतळ प्राधिकरण जेवढी उंची देईल तेवढेच मजले चढणार, मग एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल तो आकडा, कागदावर कितीही दिसो. बिल्डरला विकायला मिळणारी घरं कमी झाली की त्याचं गणित बिघडतं, आणि तेव्हा आपण भाड्याच्या घरात असू. उंचीची एनओसी हातात नसताना त्याने ३५ टक्के कुठल्या आधारावर कबूल केले, ते सभेत त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तिसरी गोष्ट जमिनीची. मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाने करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याचा अर्ज आधी मार्गी लागू दे. जमीनच नावावर नसेल तर आपण बिल्डरला काय देणार आणि कोणत्या जोरावर भांडणार? पुनर्विकासाबद्दलच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी, म्हणजे त्याच्यावतीने बँकेची हमी, द्यावी असं सांगितलं आहे, ती मसुद्यात दिसत नाही. सभेचं चित्रीकरणही त्याच निर्णयात आहे. मागच्या सभेत झालं नव्हतं, या वेळी व्हावं.

मालमत्ता पत्रक, सल्लागाराचा व्यवहार्यता अहवाल आणि कराराचा मसुदा, या तिन्हींच्या प्रती मला सहीशिक्क्याने मिळाव्यात. दादा येत्या रविवारी नाशिकहून येतोय, बहीणही येईल. सकाळी दहाला आम्ही तिघं तुमच्याकडे येऊ. कागद समोर असले तर त्याच बैठकीत दादाशी बोलणं होईल. तुमचं तो ऐकतो. त्याला क्रिकेट तुम्हीच शिकवलंत, याच अंगणात.

आपली विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ७